बुअखलान

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, बी धरायच्या आत,
फेलिमकाका तो उपटायचा, हातमोजे न घालता.
कमरेइतका उंच, पिवळाधमक,
मुळाशी डोनेगॉलची माती आवळून बसलेला.
"मूळ राहिलं तर तो राहिला," म्हणायचा,
आणि गोणीत कोंबायचा,
जुनं भांडण पुढच्या वर्षावर ढकलावं तसा.

मी कॉलेजातून शब्दकोश घेऊन आलेली.
दगडी बांधावर बसून त्याला वाचून दाखवलं :
'बो' म्हणजे गाय. हे तुला मी काय सांगायचं.
'बुअखिल', तिला राखणारा पोरगा.
म्हणून बुअखलान : इवलासा गुराखी.

पण ज्याच्यामुळे गुरं मरतात
त्यालाच कोण गुराखी म्हणेल?
तेव्हा दुसरे पंडित म्हणतात, छे,
मुळात शब्द 'बुअफ'. खडबडीत कातडीचा बेडूक,
किंवा विषारी असं काहीही.
पुढे लोक बेडूक विसरले,
जिभेला सवयीचं होतं ते पोरगं तोंडात आलं.

ऑइरिक आमच्याकडे पाहुणी होती, आयला बेटावरची.
"आम्ही बुअघलन म्हणतो. बेडूकच तो," ती हसली,
"रंग तरी बघ, एखाद्या पोराचा असतो का असा?"
मॅन बेटावरच्या फिनलोचा शब्दच वेगळा.
कुशग. नुसता देठ.
त्यांनी वाद ठेवलाच नाही,
देठ म्हटलं आणि मोकळे झाले.

काका पाठ सरळ करून उभा राहिला.
दहाव्या वर्षी स्ट्रबेनच्या बाजारात
असाच उभा राहिला असेल,
बगलेत गाठोडं,
शेतकरी येऊन दंड चाचपून बघताहेत.
मे ते नोव्हेंबर, साडेतीन पौंड.
त्या घरी त्याला 'बॉय' म्हणत.
कुत्रीला नाव होतं, जेस.

"गाय हिरवा बुअखलान खात नाही," म्हणाला.
"भोवतीचं गवत पार चाटूनपुसून नेते, त्याला सोडते.
कडूजहर असतो.
भर कळपात उभा आणि कुणी तोंड लावत नाही.
मीही तसाच उभा असायचो.
कडू होतो फार. सगळ्यांना दिसायचं ते.
दिसायचं, म्हणून धोका नव्हता.

कापून, वाळून गंजीत गेला की
कडूपणा उडून जातो.
वास गवताचा, रंग गवताचा,
हिवाळ्यात गाय भरवशानं खाते.
विष मात्र होतं तिथंच असतं.
मग महिन्यांनी कधीतरी
ती भिंतीला डोकं टेकून उभी राहते, हलतच नाही,
आणि कुणाला जुलै आठवत नाही.

त्या वर्षी तळ्याकडचा कोपरा मी उपटला नव्हता.
मुद्दाम की कंटाळून,
ते आता माझं मलाच सांगता येत नाही.
गवत कापलं, मीच रचलं.
नोव्हेंबरात पैसे मोजून घेतले आणि निघालो.
किती मेल्या, मेल्या की नाही,
विचारायला परत गेलो नाही."

ऑइरिक पुढे काही बोलली नाही.
मी कोश मिटला, बोट आतच राहिलं.
सबंध गावात काकाइतका गोड माणूस नव्हता.
पोरं त्याच्या खिशात हात घालून पेपरमिंट काढत,
पाद्रीसुद्धा म्हणायचा,
या माणसाला राग ठाऊकच नाही.

तो वाकला, पुढचं रोप बुडाशी धरलं.
बाहीवर एक अळी चढत होती,
काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची.
ती त्यावरच वाढते, तिला काही होत नाही.
त्यानं तिला अलगद दुसऱ्या पानावर ठेवलं.

"तळ्याकडचा कोपरा आधी उरकू," म्हणाला.

आमच्या शेतात तळं नाही.